ग्वाल्हेरच्या नद्यांचा गाळ उपसण्याआधी तपासावा : नागरिकांना जाहीर आवाहन

नदीच्या पाण्याचा नमुना त्या दिवसापुरता खरा असतो; तळाच्या गाळात अनेक वर्षांचे प्रदूषण साठते. शिसे, कॅडमियम, क्रोमियम असे जड धातू चिकणमातीच्या बारीक कणांना आणि कुजक्या सेंद्रिय द्रव्याला चिकटून खाली बसतात. स्वर्णरेखा आणि मुरार या नद्यांना ग्वाल्हेरचे लोक आता नालेच म्हणतात, आणि त्यात फारशी अतिशयोक्ती नाही. त्यांचा गाळ काढण्याचे काम जेव्हा निघेल, तेव्हा आधी त्याची तपासणी व्हावी असा आग्रह नागरिकांनी धरावा.

सांडपाण्याखालच्या काळ्या गाळात प्राणवायू नसतो. तिथे बरेचसे धातू गंधकाशी बांधलेले, म्हणजे सल्फाइडच्या रूपात असतात आणि सहसा विरघळत नाहीत. तोच गाळ काठावर टाकला की त्याला हवा लागते, सल्फाइडचे ऑक्सिडीकरण होते, आम्लता वाढू शकते आणि सुटे झालेले धातू पावसाबरोबर पुन्हा नदीत किंवा शेजारच्या वाफ्यात उतरतात. पालकासारखी पालेभाजी कॅडमियम सहज शोषते. न तपासलेला गाळ खत समजून शेतात वा परसबागेत मुळीच नेऊ नये.

पुराने गाळ हलतो, म्हणून नमुने पावसाळ्यापूर्वी आणि नंतर असे दोनदा घ्यावे लागतात. धातूंसाठी वरचा सुमारे ५ सेंटिमीटरचा थर प्लास्टिकच्या चमच्याने उचलतात, लोखंडी खुरप्याने नाही. कीटकनाशके आणि तेलासाठी काचेची बरणी लागते. वाळवलेला गाळ ६३ मायक्रॉनच्या चाळणीतून काढला नाही, तर वाळूच्या जागेची चिखलाच्या जागेशी तुलनाच होत नाही.

मिळालेला आकडा कशाशी ताडायचा, हे मात्र अवघड आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची नद्यांची ‘अ’ ते ‘ई’ वर्गवारी पाण्यापुरतीच आहे. गाळासाठी म्युलर यांचा १९६९ चा भूसंचय निर्देशांक वापरतात. मोजलेल्या प्रमाणाला मूळ नैसर्गिक प्रमाणाच्या दीडपटीने भागून त्याचा २ या पायाचा लॉगरिदम घ्यायचा. शिशाचे मूळ प्रमाण किलोमागे २० मिलिग्रॅम धरले आणि नमुन्यात १२० निघाले, तर निर्देशांक २ येतो. तिथे मध्यम प्रदूषणाची पायरी संपते. भारतात २००० सालापर्यंत पेट्रोलमध्ये शिसे असे, त्यामुळे रहदारीच्या रस्त्यांलगतच्या गाळाकडे विशेष लक्ष द्यावे लागते. गोड्या पाण्यातील तळाच्या जीवांसाठी अमेरिकेत २००० साली सुचवलेल्या मर्यादांनुसार शिसे ३५.८ मिलिग्रॅमखाली असेल तर अपाय क्वचितच होतो, १२८ च्या वर तो बहुधा होतोच.

मूळ प्रमाण जागतिक सरासरीवरून उचलणे ग्वाल्हेरात फसवे ठरेल. इथल्या ज्या खडकस्तराला भूवैज्ञानिकांनी मुरारचे नाव दिले आहे, त्यात लोहाचे पट्टेच आहेत. गाळात लोह जास्त दिसले म्हणून लगेच एखाद्या वर्कशॉपला जबाबदार धरता येत नाही. तुलनेचे नमुने वस्तीच्या वरच्या अंगाला, हनुमान बांध आणि रमौआ धरणाच्या बाजूला घेतले पाहिजेत. शिवाय शहरातल्या स्वर्णरेखेचा बराच तळ काँक्रीटचा असल्याने तिथे जुने थर मिळणार नाहीत. ते थर काँक्रीट संपते तिथून खालच्या अंगाला शोधावे लागतील.

नमुन्यांच्या जागा ठरवायला जुन्या रहिवाशांची आठवण उपयोगी पडते. १९२१ मध्ये सुरू झालेल्या आणि आता बंद असलेल्या जियाजीराव कॉटन मिलचे सांडपाणी कोणत्या गटाराने जाई, लष्कर भागात रंगारी आणि मुलामा देणारे कुठे बसत, बॅटऱ्या कुठे फोडल्या जात, हे निवृत्त कामगारांनी आणि जुन्या मराठी कुटुंबांनी नकाशावर दाखवून द्यावे. गाळात नवी भर पडू नये म्हणून गणेशोत्सव मंडळांनी रासायनिक रंगाच्या मूर्ती नदीत विसर्जित करू नयेत. गाळकाढणीची निविदा निघताच नमुने कुठून, किती खोलीवरून घेतले, कोणते धातू मोजले आणि उपसलेला गाळ कुठे टाकणार, याची लेखी माहिती प्रत्येक वॉर्डातून नगर निगमकडे मागावी. ती मिळाली नाही तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करावा.