नको त्याला मत

२०२२ च्या ऑगस्टमध्ये माझ्या मावसबहिणीचा मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्सहून फोन आला. "ताई, आज आयुष्यात पहिल्यांदा रिपब्लिकनांना मत दिलं. आणि तेही त्यांच्यातल्या सगळ्यात वाईट माणसाला!" ती हसत होती. ती पक्की डेमोक्रॅट आहे. मीही हसले. फोन ठेवल्यावर मात्र ते हसू टोचायला लागलं. तेव्हा तिच्याशी घालायचा राहिलेला वाद आज इथे घालते आहे.

आपल्याकडे तिकीट कुणाला द्यायचं ते पक्षश्रेष्ठी ठरवतात, म्हणून आधी थोडा खुलासा. अमेरिकेत पक्षाचा उमेदवार मतदार निवडतात. त्या निवडणुकीला प्रायमरी म्हणतात. काही राज्यांत त्या पक्षाकडे नाव नोंदवलेल्यालाच तिथे मत देता येतं. मिशिगनमध्ये मतदाराची पक्षवार नोंदच नाही. ऑगस्टच्या प्रायमरीत एकाच मतपत्रिकेवर दोन्ही पक्षांचे रकाने असतात. मतदाराने त्यातला कुठलाही एक रकाना निवडायचा. कुठला निवडला, हे कुणाला कळत नाही.

त्या दिवशी रिपब्लिकन रकान्यात दोन नावं होती. एक पीटर मायर. जानेवारी २०२१ मध्ये संसदेवर जमावाने हल्ला केल्यानंतर स्वतःच्या पक्षाच्या राष्ट्राध्यक्षावर महाभियोग चालवावा म्हणून मत देणाऱ्या दहा रिपब्लिकन प्रतिनिधींपैकी हा एक, आणि तेव्हा त्याला निवडून येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. दुसरा जॉन गिब्स, ट्रम्प यांनी पाठिंबा दिलेला. डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रचार समितीने गिब्स ट्रम्पचा किती खास माणूस आहे हे सांगणाऱ्या जाहिरातींवर सुमारे सव्वाचार लाख डॉलर खर्च केले. वरवर ती टीका होती. रिपब्लिकन मतदाराच्या कानाला ती शिफारस वाटावी, असा बेत होता. गिब्स चार हजारांहून कमी मतांनी जिंकला. नोव्हेंबरमध्ये त्याला हरवून डेमोक्रॅट हिलरी शोल्टन निवडून आल्या. म्हणजे बेत फळला.

"मग तुझं दुखणं काय?" असं बहीण विचारेल. माझं दुखणं तिने सीमा ओलांडली हे नाही. सीमा ओलांडण्याच्या मी बाजूने आहे. अमेरिकेच्या दक्षिणेत अनेक दशकं डेमोक्रॅटिक प्रायमरी जिंकली की निवडणूक जिंकल्यातच जमा असे, आणि टेक्सससारख्या राज्यात पक्ष हा खासगी क्लब आहे असं सांगून त्या प्रायमरीतून काळ्या मतदारांना बाहेर ठेवलं जाई. १९४४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते बंद केलं. खरा निर्णय ज्या खोलीत होतो, तिथे नागरिकाला शिरता आलं पाहिजे, हा त्याचा धडा. २०१४ मध्ये मिसिसिपीत थॅड कॉक्रन हे रिपब्लिकन सेनेटर प्रायमरीच्या पहिल्या फेरीत मागे पडले. दुसऱ्या फेरीत एरवी डेमोक्रॅटांना मत देणाऱ्या अनेक काळ्या मतदारांनी त्यांना मत दिलं आणि कॉक्रन तरले. नोव्हेंबरमध्ये रिपब्लिकनच येणार हे मतदारांना ठाऊक होतं; दोघांपैकी त्यातल्या त्यात बरा कोण, एवढंच त्यांनी सांगितलं. ते त्यांचं खरं मत होतं.

माझ्या बहिणीचं मत खोटं होतं. फरक एका प्रश्नाने कळतो: ज्याला मत दिलं तो सरळ शेवटपर्यंत निवडून आला, तर मी ते मत माझं म्हणेन का? मिसिसिपीतले मतदार "हो" म्हणाले असते. बहिणीला त्या विचारानेच घाम फुटला असता.

मी भाषांतरं करते. मला न पटणाऱ्या लेखकाची पुस्तकंही माझ्या हातून जातात. त्याचं एक वाक्य जरा अधिक हिंस्र केलं, एक शंका गाळली, की तो आहे त्याहून मूर्ख वाटेल. मूळ भाषा न येणाऱ्या वाचकाला ते कधी कळणार नाही. नियमही फारसा आड येणार नाही. तरी मी ते करत नाही, कारण मग विरोध करायला समोर तो लेखक उरत नाही, मी बनवलेलं बुजगावणं उरतं. प्रायमरीतलं खोटं मत नेमकं हेच करतं. आपल्याला सोयीचा विरोधक तयार करतं आणि मग म्हणतं, बघा, हे असे आहेत.

"तेही हेच करतात" हे उत्तर तयारच असतं. करतात. २००८ मध्ये रेडिओवरचे रश लिंबॉ रिपब्लिकन श्रोत्यांना सांगत होते, डेमोक्रॅटिक प्रायमरीत हिलरी क्लिंटनना मत द्या, म्हणजे त्यांचं आणि ओबामांचं भांडण लांबेल. तेव्हा माझ्या बहिणीला त्यात लबाडी दिसली असेलच. ती २०२२ मध्ये का दिसू नये?

तिचा सगळ्यात वजनदार मुद्दा मात्र वेगळा आहे. "लोकशाही धोक्यात आहे आणि तू शिष्टाचार शिकवतेस?" या मुद्द्याला बगल देता येत नाही. पण तोच मुद्दा तिच्यावर उलटतो. गिब्ससारखे लोक लोकशाहीला धोका आहेत हे तुला खरोखर वाटत असेल, तर त्यांना संसदेपासून एका पायरीवर आणून बसवायला तुझा हात धजतो कसा? आणि धजत असेल, तर धोक्याची भाषा तरी मनापासून आहे का? हिलरी क्लिंटन यांच्या प्रचारयंत्रणेच्या २०१५ मधल्या एका टिपणात ट्रम्पसह टोकाच्या तीन रिपब्लिकन उमेदवारांना महत्त्व मिळवून द्यावं, असा सल्ला होता. पुढच्या वर्षी काय झालं ते जगाने पाहिलं. ट्रम्प त्या टिपणामुळे जिंकले असं मी म्हणत नाही. पण सोयीचा वाटलेला विरोधक सोयीचाच राहील, याची हमी कुणी घेऊ नये.

यश आलं तरी किंमत मोजावी लागतेच. महाभियोगाला मत देणाऱ्या त्या दहांपैकी पुढच्या संसदेत दोघंच परतले. चौघं उभेच राहिले नाहीत, मायरसह चौघं प्रायमरीत पडले. बहुतेकांना त्यांच्याच पक्षाने संपवलं, हे खरं. पण मायरच्या बाबतीत ज्या बाजूने त्याच्या धैर्याची तारीफ केली होती, तिनेच त्याच्या विरोधकाला बळ दिलं. पुढे कुठल्याशा रिपब्लिकन प्रतिनिधीवर तशीच वेळ आली, तर तो काय शिकलेला असेल?

आपल्याकडे नामसाधर्म्याचे उमेदवार उभे राहतात. २०१४ मध्ये कोकणातल्या रायगड मतदारसंघात सुनील तटकरे सुमारे दोन हजार मतांनी पडले आणि त्यांच्याच नावाच्या दुसऱ्या उमेदवाराला नऊ हजारांहून अधिक मतं पडली. असं झालं की मतदार फसला म्हणून आपण हळहळतो. मिशिगनमध्ये मतदार स्वतःच त्या फसवणुकीचं साधन झाला, आणि त्याने ते हौसेने केलं.

तर बाई, पुढच्या वेळी खुशाल त्यांच्या रकान्यात जा. तिथे जो माणूस तुझ्या मुलांवर राज्य करायला तुला त्यातल्या त्यात चालेल, त्याला मत दे. तसा कुणीच नसेल, तर आपल्या रकान्यात परत ये. पण जो नको, त्याला मत देऊ नकोस. ती चिठ्ठी गुप्त असते हे खरं. तरी ती कुणाची होती, हे तुला ठाऊक असतंच.