दाखला काढण्यापूर्वी

विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. त्याआधी अकोल्यातील एका परिचित कुटुंबाकडे जाणे झाले. पाचवीत जाणारा त्यांचा मुलगा ओसरीवर सायकलची साखळी बसवीत होता आणि आत आईवडील त्याचा शाळेतून दाखला काढावा की काढू नये, यावर हलक्या आवाजात बोलत होते. मुलगा चुणचुणीत आहे. एकदा ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी सांगतो. परंतु लिहिताना अक्षरांची उलटापालट होते आणि फळ्यावरचे उतरवून होईपर्यंत तास संपतो. 'आमच्या निकालावर परिणाम होतो, याला दुसरीकडे घाला', असे शाळेने सुचविले होते. ही त्याची तिसरी शाळा. आजीने नवस बोलून झाला होता, दोन शिकवण्या लावून झाल्या होत्या, मारूनही झाले होते. राहिली होती ती केवळ तपासणी. "एकदा कागदावर आले की जन्माचा शिक्का बसतो. उद्या त्याच्या बहिणीच्या सोयरिकीत विचारतील," वडील म्हणाले.

या भीतीला हसण्याचे कारण नाही. ती त्यांच्या मनात आपणच, म्हणजे नातलगांनी आणि शेजाऱ्यांनी घातली आहे. पण तिची किंमत मोजतो तो दहा वर्षांचा मुलगा. 'ढ' आणि 'आळशी' हे शिक्के त्याच्यावर कागदावाचूनच बसलेले आहेत.

त्या घरातील देवघरात श्रीगुलाबराव महाराजांची तसबीर होती. अमरावती जिल्ह्यातील माधानचे हे सत्पुरुष. जन्म 1881 चा. वयाच्या पहिल्याच वर्षी दृष्टी गेली. त्यांनी इतरांकडून ग्रंथ वाचून घेतले, कानांनी विद्या मिळविली आणि स्वतःचे ग्रंथ सांगून लिहवून घेतले. 1915 साली, अवघ्या चौतिसाव्या वर्षी देह ठेवला तेव्हा त्यांची ग्रंथसंख्या शंभराच्या पुढे गेली होती. आज ज्याला आपण वाचक आणि लेखनिक म्हणतो, तेच हे साहाय्य. प्रज्ञाचक्षू म्हणून ज्यांना वऱ्हाड हात जोडतो, त्यांच्याच मार्गाने आपल्या मुलाने उत्तर सांगितले तर ते आपल्याला कमीपणाचे का वाटावे?

अर्थात प्रत्येक मुलात असा अलौकिक पुरुष दडलेला असतो, असे मात्र कृपा करून कोणी मानू नये. 2007 साली 'तारे जमीन पर' हा चित्रपट आला आणि अनेक पालक मुलातला चित्रकार शोधू लागले. त्यानेही मुलावर ओझेच पडते. काही मुले सावकाश शिकतात आणि पुढेही सावकाशच शिकणार असतात. त्यांनाही शाळेत जागा हवी.

कायद्याने ती दिली आहे. 1995 च्या अधिनियमात अपंगत्वाचे 7 प्रकार होते. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात ते 21 झाले आणि त्यांत अध्ययन अक्षमता व स्वमग्नता यांचाही समावेश झाला. शासनमान्य शाळेने अशा मुलाला भेदभाव न करता प्रवेश द्यावा, त्याची अडचण लवकर ओळखावी, परीक्षेत जादा वेळ व लेखनिक द्यावा, असे हा कायदा सांगतो. परंतु यांतील बऱ्याच गोष्टी प्रमाणपत्राविना हाती पडत नाहीत, आणि प्रमाणपत्र तपासणीविना मिळत नाही. शाळांचीही बाजू आहे. साठ मुलांच्या वर्गात एकट्या शिक्षिकेने काय काय करावे? प्राथमिक स्तरावर अशा 10 मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने 2021 साली सांगितले. तो शिक्षक मागण्याऐवजी मुलालाच दाराबाहेर काढणे सोपे, म्हणून ते होते.

अचलपूर तालुक्यातील वज्झर येथे शंकरबाबा पापळकरांनी टाकून दिलेल्या दिव्यांग मुलांना आपले नाव दिले. 2024 साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची दृष्टिहीन मानसकन्या माला त्याच वर्षी महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची लिपिक-टंकलेखक परीक्षा उत्तीर्ण झाली. बाबांनी आपले आडनाव या मुलांना लावताना, उद्या कोण काय म्हणेल, हे पाहिले नाही.

अकोल्यातील त्या घरी हे सारे बोललो. तेव्हा वडील गप्पच होते. पुढच्या आठवड्यात मात्र ते मुलाला घेऊन तपासणीस गेले. दाखला काढला नाही. वर्गशिक्षिकेने घटक चाचणी तोंडी घेण्याचे मान्य केले आहे. मुख्याध्यापकांनी अद्याप केलेले नाही.