गाडीचा हीटर रुसतो तेव्हा



माघ पौर्णिमा जवळ आली की आपल्या पूर्व विदर्भात कचारगडच्या यात्रेची तयारी सुरू होते. गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यात, दरेकसा स्टेशनापासून जवळच, डोंगरात ही भली मोठी नैसर्गिक गुहा आहे. कोया पुनेम मानणाऱ्या गोंड समाजाचं हे मोठं श्रद्धास्थान. पारी कुपार लिंगो आणि मुलांचा सांभाळ करणारी रायताड जंगो यांना वंदन करायला महाराष्ट्राबरोबरच मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातूनही माणसं येतात. कोणी आगगाडीने येतं, तर कोणी घरचीच जुनी व्हॅन काढतं. मागची बाकं काढून गादी टाकायची, स्टोव्ह, चार भांडी, शिधा घ्यायचा आणि दोन रात्री गाडीतच संसार मांडायचा! मुलांना तर यात मोठी मौज वाटते.

पण थंडीच्या लाटेत गोंदियाचा पारा 10 अंशांच्याही खाली उतरतो, आणि जंगलातला गारठा गावापेक्षा जास्तच. अशा वेळी कोणीतरी डॅशबोर्डवरचा हीटर सुरू करतं आणि बाहेर येतो गार वारा! वर्षभरात कोणी त्याच्याकडे पाहिलेलंच नसतं. उन्हाळ्यात 45 अंशांत भाजणाऱ्या आपल्याकडे हीटरची आठवण कोणाला होणार? "हे पुरुषांचं काम" म्हणून सोडून देऊ नका. स्वयंपाकघर चालवणारीला हे सहज कळेल.

हीटर म्हणजे आहे तरी काय?

गाडीच्या हीटरला वेगळी शेगडी नसते. न्हाणीघरातला बंब आठवा. इंजिन हा बंब. इंजिन थंड ठेवण्यासाठी त्यात जे पाणी, म्हणजे कूलंट फिरतं, ते तापतं. त्यातलं थोडं दोन रबरी नळ्यांतून डॅशबोर्डच्या मागच्या छोट्या जाळीत येऊन परत जातं. या जाळीतून पंखा हवा फुंकतो, तीच ऊब आपल्याला मिळते. तेव्हा गरम पाणी हवं, ते जाळीपर्यंत पोचायला हवं आणि पंखा चालायला हवा. या तिन्हींपैकी काय अडलंय तेवढं शोधायचं.

आधी पंखा

वाराच येत नसेल तर दोष विजेचा. बहुतेक वेळा फ्यूज उडालेला असतो. फ्यूजच्या डबीच्या झाकणावर कोणता फ्यूज कशाचा ते लिहिलेलं असतं. नवा घालताना तेवढ्याच अँपिअरचा घाला. तार किंवा चांदीचा कागद गुंडाळून काम भागवू नका, वायरिंग पेटतं. पंखा फक्त सर्वांत मोठ्या वेगावर चालत असेल आणि बाकीच्यांवर नाही, तर त्याचा रेझिस्टर गेला समजा. तो बदलून मिळतो.

वारा येतो, पण गार

इंजिन तापायला वेळ लागतो. गाडी दहा-पंधरा मिनिटं चालू द्या आणि डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा पाहा. काटा नेहमीच्या जागी आला तरी वारा गारच असेल, तर हीटरचं बटण किंवा दांडी पूर्ण गरमकडे फिरते का ते बघा. जुन्या गाड्यांत त्यामागे एक केबल असते. ती निसटली की बटण फिरतं, पण आतलं झडप जागचं हलत नाही.

नंतर कूलंटची पातळी. हे पाहायचं ते फक्त सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना. तापलेल्या रेडिएटरचं झाकण म्हणजे शिट्टी न झालेल्या, वाफ कोंडलेल्या कुकरचं झाकण! उघडलंत तर उकळतं पाणी तोंडावर येईल. कूलंट कमी असेल तर हीटरच्या जाळीपर्यंत पाणी पोचतच नाही. भरताना हीटर गरमवर ठेवा, इंजिन थोडा वेळ चालवा म्हणजे आत अडकलेली हवा निघून जाईल, आणि इंजिन निवल्यावर पातळी पुन्हा तपासा.

चालत्या गाडीत हीटरचा गरम वारा अचानक गार झाला आणि काटा वर चढायला लागला, तर गाडी तिथेच बाजूला घ्या. पाणी कुठेतरी गळतंय.

दोन नळ्यांची परीक्षा

इंजिन नेहमीइतकं तापल्यावर ते बंद करा. मग हीटरच्या दोन्ही नळ्यांना जाड फडक्याआडून, जपून हात लावून पाहा. दोन्ही गरम असतील तर पाणी ठीक फिरतंय, दोष हवेच्या झडपेत आहे. एक गरम आणि एक गार असेल तर झडप बंद आहे किंवा जाळी तुंबली आहे. दोन्ही कोमट असतील तर कूलंट कमी आहे किंवा थर्मोस्टॅट बिघडला आहे.

आपल्याकडची खास कारणं

पहिलं कारण थर्मोस्टॅट. इंजिन साधारण 80 ते 90 अंशांपर्यंत तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे न जाऊ देणारा हा छोटा पहारेकरी. "उन्हाळ्यात गाडी तापू नये" म्हणून कितीतरी मेकॅनिक तो काढूनच टाकतात. मग थंडीच्या रात्री इंजिन धड तापतच नाही, हीटर कोमट राहतो आणि इंधनही जास्त जळतं.

दुसरं, जाळी गळायला लागली की खर्च टाळण्यासाठी दोन्ही नळ्या एकमेकींना जोडून देतात. गळती थांबते, पण हीटरही कायमचा बंद. घरात कोणाला ते आठवतही नाही. गाडी जुनी विकत घेतली असेल तर हे आधी विचारा.

तिसरं कारण पाणी. बोअरच्या जड पाण्याने पातेल्याच्या बुडाला पांढरा थर धरतो ना? तोच थर हीटरच्या बारीक नळ्यांत बसतो. म्हणून नळाचं पाणी ओतत राहू नका. आपल्याकडे पाणी गोठत नाही, तरी कूलंट हवंच, कारण ते गंजही रोखतं. एक मात्र लक्षात ठेवा. कूलंट चवीला गोडसर पण विषारी असतं. काढलेलं कूलंट उघड्या घमेल्यात ठेवू नका. मुलं आणि मुकी जनावरं दोघांपासून जपा.

गाडीत गोडसर वास येतोय, काचेवर आतून चिकट धुकं धरतंय, पायाखालची चटई ओली होतेय, ही जाळी गळण्याची लक्षणं. मेकॅनिकला हेच शब्द सांगा, निम्मं काम होतं.

सर्वांत महत्त्वाचं

हीटर बंद म्हणून गाडीत कोळशाची शेगडी किंवा स्टोव्ह पेटवून काचा लावून झोपू नका. इंजिन चालू ठेवूनही झोपू नका. जुन्या सायलेन्सरला भोक असेल तर धूर आत येतो. यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईड वायूला ना रंग, ना वास. माणूस झोपेतच जातो. आतल्या सगळ्यांचंच एकदम डोकं दुखायला लागलं, मळमळलं, गरगरलं तर "थंडी बाधली" म्हणून पांघरूण ओढू नका. दारं उघडा, सगळ्यांना बाहेर मोकळ्या हवेत आणा आणि 108 वर फोन करून रुग्णवाहिका बोलवा.

मग ऊब कशी आणायची? गादीखाली वर्तमानपत्रांचे जाड थर घाला, कारण थंडी खालून जास्त लागते. काचांना पुठ्ठे लावा, पण एक काच बोटभर उघडी राहू द्या. एका जाड गोधडीपेक्षा दोन पातळ बऱ्या. गरम पाण्याची रबरी पिशवी टॉवेलात गुंडाळून पायाशी घ्या, मात्र तान्ह्या बाळाला चिकटवून ठेवू नका. कानटोपी आणि मोजे प्रत्येकाला हवेतच.

हीटर दुरुस्त करणं म्हणजे चैन नव्हे, बरं का! पहाटे काचेवर आतून बाष्प धरतं, ते हाच गरम वारा पुसतो. समोरचं दिसलं नाही तर घाटातली गाडी कशी चालवणार? शिवाय उन्हाळ्यात चढावर इंजिन फार तापलं, तर हीटर पूर्ण सुरू केल्याने त्यातली बरीच उष्णता बाहेर निघते आणि गाडी सावलीपर्यंत नेता येते.

तेव्हा निघायच्या आठ दिवस आधी एका संध्याकाळी अंगणातच गाडी चालू करून हीटर तपासा. गॅरेजमध्ये तीनच प्रश्न विचारा : थर्मोस्टॅट जागेवर आहे का? हीटरच्या नळ्या जोडलेल्या आहेत का? सायलेन्सर कुठे फुटलाय का? तिन्हींची उत्तरं नीट मिळाली की खुशाल फराळाचे डबे भरायला घ्या. यात्रा सुखाची होवो!