मिसरला जावं का?

पोलादपूरच्या खालांचा फोन आला तो नेमका त्यांची भिशी लागली त्या संध्याकाळी. हातात एका टूरवाल्याची जाहिरात होती. पंधरा दिवसांचा उमरा आणि थोडे पैसे जास्त भरले की त्याला जोडून तीन दिवस मिसर. "तुम्ही दोघं अम्मीला घेऊन जाऊन आलात ना? मग सरळ सांगा. एवढे पैसे घालावेत का? आणि तिथं जाऊन फिरऔनचा मुर्दा बघायचा, हे आपल्याला चालतं तरी का?"

महाड-पोलादपूरकडच्या घरांतून असे फोन आम्हाला अलीकडे बरेच येतात. ज्यांची मुलं आखातात आहेत त्यांनाही आणि ज्यांचं कुणीच बाहेर नाही त्यांनाही हा प्रश्न पडतो. म्हणून या महिन्याचं पान खालांच्या नावे.

दुसरा प्रश्न आधी घेऊ. आम्ही आलिम नाही, मसला आपल्या मौलानांनाच विचारावा. पण एवढं सगळ्यांनाच माहीत आहे की जमिनीवर फिरा आणि आपल्या आधीच्या कौमांचं काय झालं ते बघा, ही ताकीद कुरआनात पुन्हा पुन्हा येते. त्याचबरोबर तबूकच्या वाटेवर समूद कौमच्या ओसाड वस्तीतून जाताना रसूलुल्लाह (सल्ल.) यांनी साथीदारांना तिथं हसत-खेळत शिरू दिलं नव्हतं. रडू येत असेल तरच शिरा, असं सांगितलं होतं. या हदीसमुळे काही मंडळी अशा जागी मुळीच जाऊ नये म्हणतात. काही म्हणतात, जावं, पण इबरत घ्यायला जावं, जत्रेला गेल्यासारखं नाही. आमचा कल दुसऱ्या बाजूला आहे.

तेराव्या शतकात मिसरच्याच जमालुद्दीन इद्रीसी नावाच्या विद्वानाने पिरॅमिडांवर एक अख्खी किताब लिहिली. त्यात तो एका मगरिबी उस्तादाचा किस्सा सांगतो. त्यांचा शागिर्द हज करून, मिसरमार्गे घरी पोचला. उस्तादांनी पिरॅमिडांविषयी विचारलं, तर म्हणाला बघितले नाहीत. त्यावर उस्तादांनी त्याला अशी लाज वाटायला लावली की तो बिचारा पुन्हा मिसरची वाट चालू लागला. इद्रीसीचं आणखी एक म्हणणं असं की सहाबा त्या मुलखात आले, राहिले, तिथेच दफन झाले, पण त्यांनी या इमारतींना हात लावला नाही. लावायचा प्रयत्न नंतरच्या एकाने केला. सलाहुद्दीन अय्यूबींचा मुलगा अल-अझीझ उस्मान याने ११९६ च्या सुमारास तीन पिरॅमिडांतला सगळ्यात लहान पाडायला माणसं लावली. आठ महिने खपल्यावर एका अंगाला तेवढी खाच पडली आणि काम सोडून द्यावं लागलं. ती खाच अजून दिसते. आमच्या अम्मीला सगळ्या गीझात ती खाचच जास्त आवडली.

आता फिरऔनविषयी. मोबाइलवर दर काही महिन्यांनी एक मजकूर फिरतो, की फिरऔनचं प्रेत १८९८ साली लाल समुद्रात सापडलं. हे खरं नाही. १८९८ साली मर्नेप्ताह या राजाची ममी सापडली, ती लक्सरच्या डोंगरातल्या एका थडग्यात, बाकीच्या ममींसोबत, पट्ट्या गुंडाळलेली. दुसरा रामसेस, ज्याचं नाव लोक जास्त घेतात, त्याची ममी १८८१ साली लक्सरजवळच पण दुसऱ्या ठिकाणी मिळाली होती. मूसा (अलै.) यांच्या वेळचा फिरऔन यांतला कोणता, हे कुरआनात नाव घेऊन सांगितलेलं नाही. त्याचं शरीर पुढच्यांसाठी निशाणी म्हणून राखल्याचा उल्लेख सूरह यूनुसमध्ये आहे. ईमानाला तेवढं पुरेसं आहे, त्याला मोबाइलवरच्या समुद्राची जोड लागत नाही. उलट, मुलगा पुढे कॉलेजात खरी तारीख वाचतो आणि त्याला वाटतं घरच्यांनी सगळंच खोटं सांगितलं. ते नुकसान मोठं.

हे दोन्ही राजे आज काहिराच्या फुस्तात भागातल्या संग्रहालयात आहेत. ३ एप्रिल २०२१ रोजी बावीस राजा-राण्यांच्या ममी जुन्या तहरीर चौकातल्या संग्रहालयातून मिरवणुकीने तिथे नेल्या. तळघरातलं दालन अंधारं आहे, फोटो काढू देत नाहीत, आणि ते बरंच आहे. रामसेससमोर आम्ही उभे राहिलो. वाळलेला, बारीक म्हातारा, डोक्यावर थोडे पिवळट केस. अम्मी बराच वेळ काही बोलली नाही. बाहेर आल्यावर म्हणाली, "याचे पाय बघितलेस? आपल्या आजोबांसारखे."

आता पैसे. जाहिरातीतल्या तीन दिवसांना खाला, सरळ नाही म्हणा. आम्हीही पहिल्यांदा असाच जोड-कार्यक्रम घेतला होता. पिरॅमिडच्या दारात पाऊण तास उभं केलं आणि बाकीचा दिवस अत्तराच्या आणि पपायरसच्या दुकानांत घालवला. दुकानदार टूरवाल्याला कमिशन देतो, तुमचा वेळ त्यातच जातो. खरा पपायरस घडी केली तरी सहसा मोडत नाही, केळीच्या पानाचा नकली तुकडा चिरतो. हे आम्ही विकत घेतल्यानंतर शिकलो. शेवटी तो कार्यक्रम सोडून आम्ही स्वतःच्या हिमतीने पाच दिवस जास्त राहिलो, आणि जे काही बघितलं ते त्या पाच दिवसांत.

उमरा पुरता आटोपून मगच मिसरला जा. मध्येच गेलात तर सौदीत परत शिरायचा व्हिसा हा नवा घोर होऊन बसतो. मिसरचा व्हिसा हातात आल्याशिवाय विमानाचं तिकीट काढू नका. उन्हाळा टाळा, ऑक्टोबर ते मार्च बरा. काहिरात मेट्रो आहे, स्वस्त आहे आणि बायकांसाठी वेगळे डबे आहेत. गीझा स्टेशनला उतरून पुढे मिनीबसने किंवा मोबाइलवरून मागवलेल्या गाडीने पिरॅमिडपर्यंत जाता येतं. रस्त्यावरच्या टॅक्सीशी घासाघीस करण्यापेक्षा मोबाइलची गाडी परवडते. मोठ्या जागांच्या तिकीट खिडकीवर रोख घेत नाहीत, कार्ड लागतं. आमच्याकडे एकच कार्ड होतं आणि ते पहिल्याच दिवशी अडकलं, तेव्हा दोन न्या. परदेशी माणसाचं तिकीट मिसरी माणसाच्या कितीतरी पट असतं. त्यावर चिडू नये, आपल्या घारापुरीलाही भारतीयांना ४० रुपये आणि परदेशी पाहुण्याला ६०० आहेतच. पिरॅमिडच्या पोटात शिरायचं तिकीट वेगळं असतं. ते आम्ही काढलं नाही. वाकून चढायची अरुंद वाट, आत रिकामी खोली, आणि अम्मीचे गुडघे. बाहेरून ते चढत गेलेले दगड बघणं आम्हाला पुरलं. साडेचार हजार वर्षांपूर्वी खुफूचा पिरॅमिड १४६ मीटर उंच होता, वरचे थर गेल्याने आता १३८ च्या आसपास आहे.

उंटवाल्याची एक गोष्ट सांगायलाच हवी. तो चढायचे पैसे सांगतो, उतरायचे सांगत नाही. वर बसल्यावर उंट काही खाली बसत नाही, आणि मग भाव सुरू होतो. उर्दू-अरबीचे चार शब्द आणि 'हिंदी' म्हटल्यावर अमिताभ बच्चनचं नाव, एवढ्यावर आमची सुटका झाली.

जेवणात मात्र आपल्या लोकांची मोठी बचत होते. हलाल शोधत फिरावं लागत नाही. कोशरी म्हणजे भात, मसूर, चणे, मॅकरोनी आणि वर तळलेला कांदा. पोट भरतं, खर्च थोडा. लक्सरला जायचं असेल तर रात्रीची रेल्वे पकडा, नऊ-दहा तास लागतात आणि एका रात्रीचं हॉटेल वाचतं. लक्सरला नाईल ओलांडायला पर्यटकांच्या मोटरबोटीऐवजी गावकऱ्यांची फेरीबोट घ्या.

आणि एक जागा, जी कुठल्याच जाहिरातीत नव्हती. आपल्या कोकणातल्या बहुतेक घरांत शाफई मसलक आहे, फज्रला कुनूत पढतो ते त्याचमुळे. ज्यांचं नाव आपण मसलकाला लावतो ते इमाम शाफई (रह.) हिजरी २०४ मध्ये याच शहरात वफात पावले आणि त्यांची कबर इथेच आहे. वरचा घुमट १२११ सालचा, त्याच्या टोकाला एक छोटी धातूची होडी. ममींच्या संग्रहालयापासून आणि अम्र इब्न अल-आस (रजि.) यांच्या मशिदीपासून हे फार दूर नाही, तिन्ही एका दिवसात होतात. होडी बघून अम्मीला बाणकोटची खाडी आठवली.

आता खालांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर. कर्ज काढून किंवा मुलीच्या शिक्षणाचे पैसे मोडून मिसर नको. भिशीच्या पैशातून उमरा होतोय तर उमरा करा, अल्हम्दुलिल्लाह. पाच-सहा दिवसांचे पैसे वेगळे जमले तरच मिसर. आणि त्याआधी एक काम करा, असं आम्ही खालांना सांगितलं. आमच्याबरोबर गांधारपाल्याला चला.

खाला हसल्या. पन्नास वर्षं त्या महामार्गावरून जातायत, डोंगराच्या कपाळावर ती ओळीने भोकं दिसतात, पण कधी चढल्या नव्हत्या. खरं सांगायचं तर काहिराहून येईपर्यंत आम्हीही कधी चढलो नव्हतो. महाडपासून जेमतेम तीन किलोमीटर, पोलादपूरहून एसटी आणि पुढे रिक्षा. तिकीट खिडकीच नाही. पावसात पायऱ्या निसरड्या होतात, दिवाळीनंतर जावं. पाणी आणि भाकरी घरून न्यावी.

एका रविवारी गेलो. तीसच्या आसपास बौद्ध लेणी आहेत, साधारण पहिल्या ते तिसऱ्या शतकातली. पहिलं लेणं सगळ्यात मोठं आहे, खांबांची ओटी, आत प्रशस्त दालन आणि बुद्धाची मूर्ती. आपल्या बौद्ध शेजाऱ्यांची ही अदबीची जागा आहे, तेव्हा आवाज खाली आणि चपला बाहेर. एका लेण्यात ब्राह्मी लिपीतला लेख आहे. कुमार काणभोज विष्णुपालित याने लेणं, चैत्यगृह, आठ खोल्या आणि पाण्याची दोन टाकी दान दिली, असा त्याचा आशय. मुलांना हे सांगितलं तर धाकटी म्हणाली, "आपल्या मशिदीच्या पंख्यावर नाव असतं तसं?" अगदी तसंच. लक्सरला गाइडने एवढं सांगूनही आम्हाला जे कळलं नव्हतं ते तिने एका वाक्यात सांगितलं. कुणी दिलं, कशासाठी, किती, हे विचारत बघितलं तर दगड बोलू लागतो.

या डोंगराचा मिसरशी जुना धागा आहे. पहिल्या शतकात मिसरमध्ये राहणाऱ्या एका ग्रीक व्यापाऱ्याने आपल्या किनाऱ्यावरच्या बंदरांची यादी लिहून ठेवली, तिला पेरिप्लस म्हणतात. त्यात पॅलेपटमाई नावाचं एक बंदर येतं. ते म्हणजे हेच महाडजवळचं पाले असावं, असं काही अभ्यासकांनी मांडलं, काहींनी दुसरी नावं सुचवली. मिसरच्या लाल समुद्रावरचं बेरेनिके हे बंदर त्याच व्यापाराचं. तिथल्या देवळाच्या आवारात हिंदुस्तानी माठात साडेसात किलो काळी मिरी सापडली. २०२३ साली तिथल्याच देवळातून दुसऱ्या शतकातली, सुमारे ७१ सेंटिमीटरची बुद्धमूर्ती मिळाल्याचं जाहीर झालं. म्हणजे फिरऔनच्या मुलखात आपल्या बाजूची माणसं उमऱ्याच्या जाहिरातीआधी कितीतरी शतकं जात होती, मिरी विकत होती, आणि सोबत आपली श्रद्धाही नेत होती.

उतरताना महाडात चवदार तळ्यावरही थांबलो. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथलं पाणी प्यायल्यावर सत्याग्रहींवर हल्ला झाला, तेव्हा त्यांतल्या काहींना गावातल्या मुस्लिम घरांनी आसरा दिला होता. हे खालांना ठाऊक होतं. आम्हालाच नव्हतं.

पण त्याआधी, वर पहिल्या लेण्याच्या ओटीवर खाला पाय लांब करून बसल्या होत्या. चढताना तीनदा थांबल्या, तरी पोचल्या. खाली गांधारी आणि सावित्री दिसत होत्या, पलीकडे भातखाचरं, आणि महामार्गावर ट्रकांची रांग. २०२१ च्या जुलैत हे सगळं पाण्याखाली होतं आणि आमच्या दुकानातला माल त्यातच गेला, ते कुणी बोललं नाही. भाकरी सोडली. खालांनी खांबाला टेकून विचारलं, "मग इथूनच गलबतं जायची मिसरला?"

"काही जण म्हणतात, इथूनच."

"तिकीट किती होतं?"