कोरडे वर्ष मुदतीत धरू नका

मांजरा धरण आटले आणि एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, हे साऱ्या देशाने पाहिले. त्याच धरणाच्या काठावर मासेमारी करून पोट भरणाऱ्या कुटुंबांची विचारपूस फारशी कोणी केली नाही. मांजराच्या कळंबकडच्या काठावर जे, तेच परंड्याच्या सीना-कोळेगाव धरणावर आणि माकणीच्या निम्न तेरणा धरणावर.

भोई समाज पूर्वी नदीच्या डोहांत मासे धरायचा. धरणे झाली, डोह बुडाले आणि काठावर ताडपत्रीची खोपटी उभी राहिली. हा धंदा एकट्याचा नव्हेच. दिवस मावळताना दोघे तराफ्यावरून जाळी सोडतात, पहाटे उचलतात. घरची बाई कटला, रोहू, मरळ, चिलापी निवडते आणि आठवडी बाजारात पाटी घेऊन बसते. म्हातारा पायाच्या अंगठ्यात दोरी अडकवून जाळ्याचे तुटलेले आस सांधत असतो. अख्खे घर राबते तेव्हा चूल पेटते.

धरणातल्या मासेमारीचा ठेका असतो मच्छीमार संस्थेच्या नावे आणि त्याची मुदत मोजली जाते वर्षांत. मासा पाण्यात वाढतो, कॅलेंडरावर नाही! सोडलेली बोटुकली किलोभर कटला व्हायला साधारण वर्ष जाते. धरण मध्येच तळाला गेले तर केलेला खर्च बुडतो आणि पाऊस झाल्यावर पुन्हा बीजापासून सुरुवात. अतिवृष्टीही तशीच बेतते. सप्टेंबर 2025 मध्ये सीना नदीला महापूर आला. अशा वेळी धरणाच्या दरवाजांतून पाण्याबरोबर मासळीही वाहून जाते.

एप्रिल 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. स्वागतच आहे. पण दर्जा मिळाला तर पंचनामाही शेतासारखाच झाला पाहिजे. जलाशय मृतसाठ्याखाली गेला ते वर्ष ठेक्याच्या मुदतीत धरू नये. मुदत अर्जविनंत्यांविना आपोआप पुढे सरकावी. धरणात पुन्हा पाणी आले की पहिले मत्स्यबीज सरकारने द्यावे. आणि नुकसानभरपाई लिहिताना केवळ संस्थेचे नाव लिहून थांबू नये. खोपटीत राहणाऱ्या कुटुंबाची नोंद तलाठ्याने जागेवर जाऊन करावी, आणि बाजारात पाटी घेऊन बसणाऱ्या बाईचे नाव सभासदांच्या यादीत नसले तरी त्या नोंदीत असावे.