दुआ ऋणकोची, आज्ञा धनकोला

नमाजाची वेळ नसताना मदिनेच्या मशिदीत बसून राहिलेल्या अबू उमामा या अन्सारी गृहस्थांना पैगंबर महंमदांनी अवेळी बसण्याचे कारण विचारले, तेव्हा चिंता आणि कर्जे यांनी आपल्याला घेरले आहे असे त्यांनी सांगितले, आणि पैगंबरांनी त्यांना सकाळ-संध्याकाळ म्हणावयाची एक दुआ शिकविली, असा वृत्तांत अबू दाऊद यांच्या हदीस-संग्रहात आहे. या कथेची सनद, म्हणजे कथनकर्त्यांची साखळी, काही परीक्षकांनी दुबळी ठरविली आहे खरी. परंतु दुआचा मजकूर अनस इब्न मालिक यांच्याकडून बुखारींच्या संग्रहातही आलेला असल्यामुळे तिच्या प्रामाण्याला बाध येत नाही.

हीच दुआ आज मोबाइलवरून, अमुक वेळा म्हटल्यास तमुक दिवसांत कर्ज फिटेल अशा हमीसह फिरत असते. ही हमी मला दुआच्याच रचनेशी विसंगत वाटते. चिंता व शोक, असामर्थ्य व आळस, भीरुता व कृपणता, आणि सरतेशेवटी ऋणाचा भार व माणसांचा जुलूम, अशा जोड्यांनी तीत ईश्वराचा आश्रय मागितला आहे. चिंता पुढे येणाऱ्या गोष्टीची आणि शोक होऊन गेलेल्याचा, असा भेद भाष्यकार करतात. तसेच असामर्थ्य म्हणजे करता न येणे आणि आळस म्हणजे येत असूनही न करणे. ज्या याचनेत स्वतःच्या आळसाचीही कबुली द्यावी लागते, तिला घरबसल्या द्रव्यप्राप्तीचा तोडगा कसे म्हणावे? कर्जापासून आपण इतक्या वेळा आश्रय का मागता, असे विचारले असता, कर्जात बुडालेला मनुष्य बोलतो ते खोटे आणि वचन देतो ते मोडतो, अशा आशयाचे उत्तर पैगंबरांनी दिल्याचे पैगंबरपत्नी हजरत आयेशा यांच्या कथनात आहे. दाराशी तगाद्याला आलेल्या माणसाला, घरात असूनही, मुलाकरवी ‘बाबा बाहेर गेलेत’ असे ज्याने एकदा तरी सांगविले असेल, त्याला याचे विवरण नको.

परंतु दुआ ऋणकोने म्हणावी आणि धनकोने निश्चिंत असावे, अशी ही व्यवस्था नव्हे. कर्जदार अडचणीत असेल तर त्याची स्थिती सुधारेपर्यंत त्याला मुदत द्यावी, आणि येणे सोडून दिल्यास अधिक उत्तम, असे कुराणाच्या दुसऱ्या अध्यायातील 280वी आयत सांगते. कुराणातील सर्वांत दीर्घ आयत, त्याच अध्यायातील 282वी, तर देण्याघेण्याचा दस्तऐवज साक्षीदारांसह करण्याविषयीच आहे. जकातीच्या, म्हणजे अनिवार्य धर्मदानाच्या, आठ हक्कदारांत कर्जबाजारी मनुष्याची गणना झालेली आहे. कर्ज, तगादा, जामीन, मुदत हे शब्द अरबी-फारसीतून दफ्तरांच्या वाटेने मराठीत आले आणि घरचेच झाले. मुदतीमागचे धर्मकर्तव्य मात्र त्यांच्याबरोबर आले नाही.

दुआचा मजकूर उत्साहाने पुढे धाडणारे पुष्कळ सद्गृहस्थ स्वतः कोणाचे तरी धनको असतात, आणि रमजानात वर्षाच्या शिलकीवर अडीच टक्क्यांची आकारणी करताना गरीब कुळाकडचे बुडीत येणे माफ केल्याचे दाखवून तेवढी रक्कम जकातीत धरता येईल काय, अशी विचारणाही करतात. बहुसंख्य फकिहांनी, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्र्यांनी, ही पळवाट मान्य केलेली नाही. जकात ऋणकोच्या हातात प्रत्यक्ष पडली पाहिजे, असा त्यांचा दंडक आहे.