घाट बंद आहे, हे नकाशाला कोण सांगणार?

भोर, वेल्हे आणि मुळशीच्या डोंगरपट्ट्यात मी गुरांची डॉक्टर म्हणून काम करते. म्हैस अडली, बैल कड्यावरून घसरला, की निरोप येतो तो बहुतेकदा दिवस मावळल्यावर. वाड्यावस्त्यांवर पोचण्यासाठी माझ्याकडे फोर बाय फोर जीप आहे आणि तिच्यात जीपीएसचं स्वतंत्र यंत्र आहे. मोबाइलची रेंज जाते तिथेही ते चालतं. त्याला टॉवर लागत नाही. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरच्या किमान चार उपग्रहांचे संकेत मिळाले की आपली जागा कळते. या यंत्राचा मला रोज उपयोग होतो. म्हणूनच एक गोष्ट जाहीरपणे मागायची आहे. कोणता घाट बंद आहे, कोणता पूल पाण्याखाली आहे, ही खबर सरकारी खात्यांकडे असते. ती नकाशात आली पाहिजे.

ती न आल्याने माणसं दगावली आहेत. जानेवारी २०२१ मध्ये पुण्याहून कळसूबाईकडे निघालेली एक गाडी अकोले तालुक्यात कोतूळजवळ रात्री पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्यात गेली आणि चालवणारा बुडाला. नकाशात तिथून रस्ता होता. त्या रस्त्यावरचा पूल वर्षातले काही महिने पाण्याखाली असतो, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेच्या पुलावरून गाडी खाली कोसळली, तिघे गेले. पुलाचा पुढचा भाग पुरात वाहून गेलेला, नकाशात मात्र पूल अखंड. तिथे बांधकाम खात्याच्या अभियंत्यांवरही गुन्हा नोंदवला गेला, ते मला रास्त वाटतं. तुटलेला पूल अडवणं आणि तो तुटल्याचं सगळ्यांना कळवणं, दोन्ही खात्याचीच कामं आहेत.

फोर बाय फोर गाडीत हा धोका वाढतो. साधी गाडी पहिल्या चिखलातच मागे फिरते. आपल्या गाडीची चारही चाकं ओढतात, लो गिअर हाताशी असतो, पडद्यावर रेषा पुढे गेलेली दिसते, मग माणूस पुढेच जातो. पण फरशी पुलावरून वाहणारं पाणी साठ सेंटिमीटरवर गेलं की मोठ्या गाड्याही तरंगू लागतात. चाकांचा तळाशी संबंध सुटला की चार काय नि दोन काय, ओढणार कशाला?

पडद्यावरचा ठिपका रस्त्यावर दिसतो, एवढ्यावरूनही रस्ता आहे असं धरू नये. बरीच यंत्रं आपली जागा जवळच्या नोंदलेल्या रस्त्यावर आपोआप सरकवून दाखवतात. घाटात ओल्या कड्यांवरून संकेत परावर्तित होतात, दाट झाडीत ते क्षीण होतात; वळणावळणाच्या रस्त्यावर ठिपका खालच्या वळणावरून वरच्या वळणावर उडी मारतो. केळदच्या पुढे मढे घाटातून कोकणात उतरते ती पायवाट आहे. पायवाट आणि गाडीरस्ता सारख्याच रेषेने दाखवणारे नकाशे मी पाहिले आहेत. परका माणूस त्या रेषेवर अंधारात गाडी घालेल, ही भीती मला खरी वाटते.

चालवणाऱ्यांनी काय करावं, तेही सांगते. नकाशा घरूनच उतरवून घ्या. ‘सर्वांत जवळचा रस्ता’ हा पर्याय बंद ठेवा. जाताना वाटेची नोंद चालू ठेवा, म्हणजे धुक्यात त्याच वाटेने परतता येतं. मदत मागताना अक्षांश-रेखांश कोणत्या पद्धतीने सांगताय ते स्पष्ट करा: १८.३० अंश आणि १८ अंश ३० मिनिटं यांत सुमारे २२ किलोमीटरचा फरक पडतो. आणि शेवटच्या वस्तीवर गाडी थांबवून विचारा. “ताई, फरशीवर पाणी हाय, वरल्या अंगानं या,” असं धनगरवाड्यावरचे मामा सांगतात, तेव्हा मी यंत्राकडे बघत नाही, वरच्या अंगाने जाते.

पण प्रत्येक परक्या वाटसरूला मामा भेटतीलच असं नाही. भोर-महाड रस्त्यावरचा वरंधा घाट पावसाळ्यात बंद ठेवण्याचे आदेश निघतात. ते कागदावर निघतात, वर्तमानपत्रात छापून येतात. आदेश निघेल त्याच दिवशी बंद भागाचे अक्षांश-रेखांश, बंदीच्या तारखा आणि कोणत्या वाहनांना बंदी हे सगळं संगणकाला वाचता येईल अशा स्वरूपात, कोणालाही विनामूल्य घेता येईल असं जाहीर करायला काय हरकत आहे? पाण्याखाली जाणाऱ्या प्रत्येक फरशी पुलाची नोंद तशीच हवी. फरशीवरून पाणी गेल्याचं पोलीस पाटलांना आधी कळतं. त्यांच्या एका संदेशावर ती नोंद बदलली पाहिजे. नकाशे बनवण्यावरचे निर्बंध केंद्राने फेब्रुवारी २०२१ मध्येच सैल केले आहेत, त्यामुळे कायद्याची अडचण पुढे करता येणार नाही. आणि अशी माहिती उपलब्ध झाल्यावर ती न दाखवणाऱ्या नकाशा कंपनीला जाब विचारता येईल.

सुरुवात पुणे, रायगड आणि सातारा या तीन जिल्ह्यांपासून करा. घाट मोजके आहेत, फरशी पूल त्या-त्या उपविभागाच्या अभियंत्यांना तोंडपाठ आहेत. यादी करायला उन्हाळा पुरेसा आहे. जूनचा पहिला पाऊस पडायच्या आत ती जाहीर झाली पाहिजे, आणि ती झाली की नाही हे आमदारांनी, जिल्हाधिकाऱ्यांनी आणि आपण सर्वांनी विचारलं पाहिजे.